थंड पाण्यात कयाक: वल्हं मारावं, पायडल मारावं की मोटर लावावी?

सज्जनगडी (सातारा)

मंडळी, जूनमध्ये भाच्याकडे डुलुथला जायचं ठरलंय. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, लेक सुपिरियरच्या काठावर. नावाला तळं. क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यासारखे जवळजवळ आठ जिल्हे त्यात मावतील. भाचा म्हणतो, मामा, तुम्ही बामणोलीला कयाक चालवताच, मग इथंही उतरू पाण्यात.

अडचण माझ्या उजव्या खांद्याची आहे. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्यात, तासभर वल्हवलं की रात्री शेक घ्यावा लागतो. भाच्याच्या एका मित्राकडे पायडलची कयाक आहे, ती तो द्यायला तयार आहे. दुसरा मित्र म्हणतो छोटी इलेक्ट्रिक मोटर लावू, काका निवांत बसतील. भाच्याची स्वतःची मात्र साधी वल्ह्याची लांबुडकी सी-कयाक आहे आणि तो या दोघांवर हसतो.

बामणोलीत उलटलो तर कपडे ओले होतात, लाँचवाला हसत हसत काठावर आणून सोडतो. तिथल्या थंड पाण्यात हिशोब वेगळा असणार. तर ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, कशाचा भरवसा धरावा? कोणी शीड लावलं असेल तर तेही लिहा.

तापोळा_रिटर्न्स

काका, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर पायडल बोटीत बसलाय का कधी? एक जण घाम गाळतो आणि दुसरा कणीस खातो. तसली असेल तर नाद सोडा.

थंडीचा सरावही तिथंच करा. दर हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याची बातमी आणि गाडीच्या टपावर बर्फ खरवडणाऱ्यांचे फोटो येतातच.

माईघाट (सांगली)

सज्जनगडी साहेब, नमस्कार. आमचं निम्मं आयुष्य कृष्णेत गेलं. होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलंय, आता पोरांना शिकवतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तासाभरात खांदा धरत असेल तर तुम्ही हातानं वल्हवताय. वल्हं कमरेनं मारायचं असतं. पोटाला पीळ पडला पाहिजे, पाय नावेला रेटले पाहिजेत, हात नुसते धरायला. वरचा हात खांद्याच्या वर न्यायचाच नाही. खांदा दुखावतो तो तिथंच.

आता तुमच्या प्रश्नाचं. पायडल म्हणा, मोटर म्हणा, दोन्हीत यंत्र आलं. यंत्र बंद पडतं. वल्हं मोडलं तर त्याचा अर्धा तुकडासुद्धा काठाला नेतो. आणि दुसरं असं की वल्हं नुसतं पुढं ढकलत नाही, ते नाव सावरतं. लाट बाजूनं आली की पातं पाण्यावर आपटून तोल धरायचा. मोटरीला सांगा बघू तोल धरायला!

कुपवाडचा_ॲम्पिअर

माईघाट मामा, तुमच्या वल्ह्याला नमस्कार, पण यंत्राची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे. माझं पोट बॅटरीवर चालतं, तेव्हा मीच मांडतो.

५५ पौंड जोराची साधी ट्रोलिंग मोटर, म्हणजे छोट्या नावेला लावायची इलेक्ट्रिक मोटर, पूर्ण वेगाला १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या आसपास खाते. झाले ६०० वॅट. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॅट-अवर, पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की मरते, म्हणून ६०० धरा. म्हणजे कागदावर एक तास. प्रत्यक्षात तोही नाही, कारण एवढा करंट ओढला की लेड-ॲसिड हात आखडता घेते. त्यात थंडी. शून्य अंशाला तिची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते. वजन तीस किलोच्या घरात. एवढं ओझं कयाकमध्ये टाकून कुठं जाणार?

लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर तेवढ्याच क्षमतेला ११-१२ किलो, आणि जवळपास सगळी वापरता येते. हिच्यात एकच मेख आहे. शून्याच्या खाली चार्जिंगला लावायची नाही. थंडीत लिथियम ॲनोडच्या आत शिरत नाही, वरच धातू होऊन बसतं आणि सेल कायमचा अधू होतो. चांगल्या बॅटरीतलं सर्किट अशा वेळी चार्जिंग तोडतं, स्वस्तातलं तोडेलच असं नाही. जूनमध्ये तुम्हाला हा त्रास नाही. मार्चमध्ये गॅरेजात ठेवून रात्री चार्जर लावणाऱ्याला आहे.

राहिला वेग. पाण्यात लागणारी शक्ती वेगाच्या घनाने चढते. ताशी ५ किलोमीटरचे ६ करायला पावणेदोनपट शक्ती. आणि १२ फुटी नाव स्वतःच्याच लाटेत अशी अडकते की ताशी साडेआठ-नऊच्या पुढे तिला रेटण्यात अर्थ नसतो. म्हणून कयाकला मोटर पळवायला लावायचीच नाही. पाव शक्तीवर ठेवा, १०-१२ अँपिअर खाईल, लेड-ॲसिडही चार तास ओढेल आणि लिथियम त्याच्या दुप्पट. वारा तोंडावर आला, खांदा बोंबलायला लागला, तेव्हा हेच चार तास कामाला येतात.

तापोळा_रिटर्न्स

ॲम्पिअर दादा, मोटर बसवून मिळेल का शिवसागरासाठी? मित्रासाठी विचारतोय.

कुपवाडचा_ॲम्पिअर

मित्राला आधी परवानगी विचारायला सांग. धरणाच्या बाजूला सुरक्षेचे निर्बंध आहेत, वासोट्याच्या बाजूला अभयारण्य आहे.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

सज्जनगडी काका, तुम्ही नेमके माझ्याच गावाला येताय! मूळची वाळव्याची, इथं येऊन बरीच वर्षं झाली. उन्हाळाभर पाण्यात असते. जरा सविस्तर लिहिते, कारण वरची चर्चा नावेवर चाललीय आणि इथं प्रश्न पाण्याचा आहे.

सुपिरियरचं वर्षभराचं सरासरी तापमान ४ अंशांच्या आसपास आहे. खोली जास्तीत जास्त ४०६ मीटर. एवढं पाणी तापायला अख्खा उन्हाळा पुरत नाही. जूनमध्ये काठावर हवा २५ अंश असते, लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात फिरतात, आणि आतल्या पाण्याचा पृष्ठभाग अजून ४-५ अंशांवर असतो. बाहेरून आलेला माणूस हवा बघून कपडे घालतो. इथले जुने लोक पाणी बघून घालतात.

ऑगस्टमध्ये काठाला १६-१८ अंश होतं, पण तेही फसवं. वारा काठाकडून आत वाहायला लागला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालून थंडगार पाणी वर येतं. काल पोहण्यासारखं असलेलं पाणी आज पाय बुडवता येणार नाही असं होतं. आणि हाच वारा काठावर जाणवत नाही, कारण तुम्ही झाडांच्या, टेकडीच्या आडोशाला असता. पाणी चक्क सपाट दिसतं. दोनशे मीटर आत गेलात की तो पाठीत बसतो आणि तुम्हाला आत नेत राहतो. परतताना तोच तोंडावर. सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती अशाच निवांत दिसणाऱ्या दिवशी.

आता पायडलबद्दल. ही वेण्णा लेकवाली नव्हे. होबी कंपनीने १९९७ मध्ये जे मिराज ड्राइव्ह आणलं त्यात नावेच्या पोटाखाली दोन लवचिक पंख असतात, आळीपाळीने पाय रेटले की ते आडवे झुलतात, पेंग्विन पोहतो तसे. दुसऱ्या जातीत सायकलची पायडलं आणि खाली पंखा. या पंखेवाल्या जातीत पायडल उलटं मारलं की नाव मागे जाते. मिराजच्या जुन्या मॉडेलांना मागे जाताच येत नव्हतं, नंतरच्यांत ती सोय आली. मित्राची कोणती आहे ते आधी विचारा, कारण खडकाळ काठावर मागे येता न येणं फार नडतं.

वाऱ्याविरुद्ध पायडल वल्ह्यापेक्षा सरस आहे हे मी वल्हेवाली असून मान्य करते. वर उचललेलं पातं वाऱ्यात अडतं, पायडलला ती भानगड नाही. मांडीचे स्नायू दंडापेक्षा कितीतरी दमदार. हात मोकळे, जाड मोज्यात ठेवता येतात.

पण या बहुतेक कयाक वरून उघड्या असतात. तुम्ही नावेत नाही, नावेवर बसता. यंत्राच्या खाचेतून पाणी वर उसळतं आणि पाय, बूड कायम ओलं. सी-कयाकमध्ये कंबरेपासून खाली तुम्ही आत असता, वर स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसणारं पाणी अडवणारं कापड, ताणलेला, मांड्या कोरड्या. थंडीत हा फरक दोन तासांनी कळतो. मोटरवाल्यांचं आणखी अवघड. निवांत बसणं म्हणजे अंगात ऊब तयार न होणं. वल्हेवाला घामेजतो, मोटरवाला त्याच वाऱ्यात कुडकुडत घरी येतो.

माईघाट (सांगली)

लेकी, शाब्बास. घाम गाळणारा गारठत न्हाई, हे मी म्हणणारच होतो.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

मामा, त्यातही मेख आहे. घामाने आतले कपडे भिजले आणि मग तुम्ही थांबलात की तोच घाम गारठवतो. म्हणून आत सुती बनियन अजिबात नाही. लोकर किंवा फ्लीस.

डॉ_प्रीतिसंगम (कराड)

वैद्यकीय बाजू थोडक्यात. लोकांना वाटतं थंड पाण्यात माणूस गारठून मरतो. गारठणं फार नंतर येतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून १-१०-१ असं सूत्र मांडलंय.

पहिला १ म्हणजे एक मिनिट. अंगावर एकदम थंड पाणी आलं की माणूस मोठ्याने धाप घेतो, ती त्याच्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसात. त्यानंतर श्वास भराभर चालतो, नाडी आणि रक्तदाब उसळतो. काकांचं वय बघता हृदयाची तपासणी करून जावं हे बरं. हा पहिला धक्का ओसरेपर्यंत काही करायचं नाही, नाव धरून श्वास ताब्यात आणायचा.

मग १० मिनिटं. हातापायांचे स्नायू आणि नसा थंड पडत जातात. बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. चांगला पोहणाराही इथं बुडतो, कारण हात पाणी मागे लोटतच नाहीत. जे काही करायचं, नावेत चढायचं, शिट्टी वाजवायची, ते या दहा मिनिटांत.

शेवटचा १ म्हणजे साधारण एक तास, त्यानंतर शुद्ध हरपते. बर्फासारख्या पाण्यातसुद्धा. म्हणजे लाइफ जॅकेट अंगात असेल आणि तोंड वर राहिलं तर शोधणाऱ्यांना तासभर मिळतो. नसेल तर तो तास मिळतच नाही. माणसागणिक कमी-जास्त होईल, पण क्रम हाच.

पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. आणि धाप लागायला पाणी बर्फाळ असावं लागत नाही. १० ते १५ अंशांतच हा धक्का जवळपास पूर्ण ताकदीचा असतो.

खांद्याचं: फ्रोझन शोल्डर असेल तर आधी निदान करून घ्या, शेकावर काढू नका.

हरिपुरी

एवढा खटाटोप? आमच्याकडं पुराच्या वक्ताला गुऱ्हाळाची काहिल पाण्यात सोडून माणसं पलीकडं जायची. ना पायडल, ना बॅटरी. एक बांबू. लोक उगा पैशाला पाय फोडतात.

माईघाट (सांगली)

काहिलीचं कौतुक आम्हालाही हाय, पण ती गिरकी घेते तेव्हा आतल्याला विचारा. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला काय झालं ते विसरलात का? नाव उलटली, आणि माणसं गेली. तेही ऑगस्टातलं आपलं कोमट पाणी. जॅकेटाशिवाय पाण्यात, या विषयावर चेष्टा नको.

हरिपुरी

बरोबर आहे. मागे घेतो.

कुपवाडचा_ॲम्पिअर

डॉक्टरसाहेबांची दहा मिनिटं वाचली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. ट्रोलिंग मोटरच्या पंख्याला एक शिअर पिन असते. पंखा दगडाला किंवा ओंडक्याला बसला की ती मुद्दाम मोडते, म्हणजे मोटर वाचते. मोडली की पक्कडीनं नट काढायचा, पंखा ओढायचा, तुकडा पाडायचा, नवी पिन घालायची. दुकानात डोळे मिटून करतो.

काल आईस फॅक्टरीतून लादीचा तुकडा आणला, बादलीत पाणी घालून फोडून टाकला, थर्मामीटर ३ अंशांवर आल्यावर दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवले. शेजारी बायको घड्याळ घेऊन. सुरुवातीला कळ थेट कोपरापर्यंत. मग कळ कमी आणि मेणचटपणा सुरू. पाच मिनिटांनी हात बाहेर काढून पिन उचलायला गेलो. पिन जमिनीवर होती, बोटं तिच्यावर होती, पण धरलीय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. नट फिरवणं लांबच. पक्कड दोनदा पडली. लाइफ जॅकेटचं बकल मात्र तळहाताने दाबून लागलं. आणि घरातला झाडूचा दांडा, वल्हं समजून, मुठीत व्यवस्थित धरता आला. जोरही लावता आला.

हे घरी करायचं तर सोबत माणूस ठेवा, हृदयाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असलेल्यांनी करूच नका.

माझं मोटरचं मत बदललेलं नाही. पण मोटरवाल्या कयाकवर ज्याला चिमटीत धरावं लागतं असं काहीही पाण्यात दुरुस्त होणार हे गृहीत धरायचं नाही. आणि किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की मोटर बंद करणारी दोरी, मनगटाला हवीच. तुम्ही पाण्यात पडलात आणि मोटर चालू राहिली तर नाव तुम्हाला सोडून निघून जाईल.

डॉ_प्रीतिसंगम (कराड)

प्रयोग आवडला. बोटांची नाजूक हालचाल आधी जाते आणि मुठीची पकड तुलनेने टिकते, ते तुम्ही नेमकं पकडलंत. पुढच्या वेळी वहिनींच्या हातात घड्याळाबरोबर गरम चहाचा कपही द्या. हात धरायला, प्यायला नंतर.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

ॲम्पिअर दादा, तुमच्या बादलीने माझं अर्धं काम केलं.

आता उलटल्यावरचं. माझ्या लेखी तिन्हींची खरी परीक्षा तिथंच होते. वल्ह्याच्या सी-कयाकमध्ये पहिला उपाय रोल, म्हणजे आत बसल्या बसल्या पातं फिरवून पुन्हा सुलटं होणं. ग्रीनलंडचे शिकारी हेच करत, कारण त्या पाण्यात नावेबाहेर पडणं म्हणजे संपणं. त्यांच्याकडे रोलचे कितीतरी प्रकार आहेत, आजही तिथं त्याच्या स्पर्धा होतात. काका, रोल तुम्हाला दोन महिन्यांत येणार नाही. पण दुसरा उपाय येईल. वल्ह्याच्या एका पात्याला हवा भरलेली पिशवी चढवायची, वल्हं नावेला आडवं लावायचं, झाला कलता टेकू. त्यावर पाय टाकून पोटावर सरपटत आत यायचं. इथं बघा, वल्हं पुन्हा लागलंच.

पायडलची उघडी नाव उलटली तर त्यात बसून राहायचा प्रश्न नाही, तुम्ही आपोआप बाहेर. चढायला ती सोपी, कारण आत पाणी साठत नाही. पण सुलटी करायला जड. सगळं धरून चाळीस-पन्नास किलोची नाव गारठलेल्या हातांनी पालथ्याची उताणी करायची. पोटाखालून पट्टा बांधून ठेवला तर त्याला लोंबकळून जमतं. मोटर आणि बॅटरी असेल तर त्याहून जड, आणि बॅटरी बांधलेली नसेल तर ती गेली तळाला.

नाव हातची सोडायची नाही. रिकामी कयाक वाऱ्यावर माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते.

सज्जनगडी (सातारा)

बाप रे. भाच्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला हा धागा पाठवलाय.

मग पायडल घेऊ की नको? आणि शिडाचं कोणीच काही बोललं नाही.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

शीड: नको. ज्याला बर्फाळ पाण्यात परत चढता येतं त्याने लावावं. एक झोत आडवा आला की संपलं.

पायडल: घ्या, खांद्यासाठी तेच बरं. पण माझ्या अटींवर. पहिली, ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर सूट. विकत नको, महाग असतो, इथं भाड्याने मिळतो. मानेला आणि मनगटाला रबराचे घट्ट पट्टे, आत लोकरीचे कपडे, वरून लाइफ जॅकेट. वेटसूट, म्हणजे ओला होऊनही ऊब धरणारा रबरी सूट, तोही चालतो, पण ४-५ अंशांना तो जाड हवा आणि जाड वेटसूटमध्ये हात हलवणं तुमच्या खांद्याला जड जाईल. दुसरी, आधी कमरेइतक्या पाण्यात त्या कपड्यांत मुद्दाम बसून बघायचं. दहा मिनिटं राहवलं तरच पुढे. तिसरी, वल्हं नावेला दोरीने बांधलेलं आणि हाताशी. यंत्र अडकलं तर पहिलं तेच.

चौथी, काठाला समांतर जायचं. तळ्याच्या आत जायचं नाही. आणि दुसरी नाव सोबत. भाचा आहेच.

सुपिरियरमधल्याच अपोस्टल बेटांच्या वालुकाश्माच्या गुहा बघायला लोक धावतात, फोटो फार सुंदर येतात. तिथं लाटा खडकावर आपटून परत येतात आणि पाणी सगळीकडून उसळतं. त्या भागात सी-कयाकच वापरा असं उद्यानवाले सांगतात. पायडलची नाव घेऊन तिथं जाऊ नका. भाच्याबरोबर दोघांच्या सी-कयाकमध्ये बसा, तो वल्हवेल, तुम्ही जमेल तेवढं.

मोटरबद्दल एक कागदोपत्री गोष्ट. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कयाकला इलेक्ट्रिक मोटर जरी लावली तरी ती मोटरबोट ठरते, नोंदणी क्रमांक लावावा लागतो. मित्राने ते केलंय का विचारा.

कुपवाडचा_ॲम्पिअर

मोटर हरली तर. ठीक आहे. पण वाऱ्याविरुद्ध परतायला पायडल मान्य आणि मोटर अमान्य, हा पंक्तिप्रपंच आहे एवढं नोंदवून ठेवतो.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

पंक्तिप्रपंच नाही दादा. मासेमारीवाले इथं मोटरी वापरतात आणि नीट वापरतात. त्यांची तयारी असते. माझा विरोध "निवांत बसतील" या वाक्याला आहे. मोटर माणसाला त्याच्या दमापेक्षा लांब नेते. वल्हेवाला दमला की आपसूक परत फिरतो, तो जेवढा आत गेला तेवढं परत यायची ताकद साधारण त्याच्यात असते. मोटरवाला बॅटरी संपेपर्यंत आत जातो आणि मग त्याच्याकडे वल्हं असलं तरी त्याच्या अंगाने त्या अंतराचा हिशोब केलेला नसतो. पायडल दोन्हींच्या मधे.

माईघाट (सांगली)

हे मात्र लाखातलं बोललीस. पुरात आम्ही पोरांना हेच सांगतो, जाताना धार मदतीला असते, येताना ती सावकार होते.

केंदाळाचं पण बोला कोणीतरी. कृष्णेत उन्हाळ्यात एवढं केंदाळ माजतं की पंखा दहा वावावर गुंडाळतो.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

सुपिरियरच्या गार पाण्यात केंदाळ नाही, मामा. पण सांगलीत पंखेवाली पायडल घेणार असाल तर तुमचं खरं. मिराजचे पंख पायडल एका टोकाला रेटलं की पोटाला चिकटतात, ते गवतातून सुटतात. फिरता पंखा नाही सुटत.

आणि गारठ्याचं राहिलं. हवा शून्याखाली गेली की रडरची (सुकाणूची) दोरी, ड्रायसूटची झिप, बकलं सगळ्यावर बर्फ धरतो. एप्रिलात आणि नोव्हेंबरात मी साधं वल्हं आणि त्याच्या दांड्याला चढवायचे निओप्रीनचे पोगीज वापरते. हात त्या पिशवीत घालून दांडा उघड्या बोटांनीच धरायचा. जाड मोज्यांपेक्षा पकड कितीतरी चांगली.

तापोळा_रिटर्न्स

हे सगळं ऋषिकेशला, झंस्कारला लागू आहे का? आम्ही पुढच्या वर्षी लडाखचं बघतोय.

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

थंडीचं सगळं लागू. दोन्हीकडे बर्फ वितळून आलेलं पाणी आहे. पण झंस्कार धावती नदी, तिथं पायडल आणि मोटर हा विषयच नाही. खडकांत वल्हंच, आणि तेही जाणत्या टोळीबरोबर.

सज्जनगडी (सातारा)

ठरलं तर. पायडलची नाव, ड्रायसूट भाड्याने, वल्हं बांधून. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, खांदा आणि हृदय दोन्ही दाखवतो. मोटरवाल्या मित्राला भाचा समजावतोय, त्याची नोंदणी नाहीच म्हणे.

जायच्या आधी पाण्यातून परत चढायचा सराव इथंच करावा म्हणतो. माईघाट साहेब, संगमावर याल का हरिपूरला?

माईघाट (सांगली)

संगमावर नको, दोन नद्यांची ओढ आहे. साचलं पाणी बघा. धोमच्या फुगवट्याला काठ उतरता आहे, तिथं परवानगीचं तेवढं विचारून घ्या. मी दोन पोरं आणतो, एक दोर आणतो. पहिल्यांदा छातीएवढ्या पाण्यात, मग खोल. वल्हं कमरेनं मारायचंही तिथंच दाखवतो, खांद्याचं काय ते बघू.

तापोळा_रिटर्न्स

मीपण येतो, माझ्याकडं एक उघडी नाव आहे. पण ती पात्याला लावायची हवेची पिशवी इथं कुठं मिळणार? तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं जमेल का?

वाळव्याची_लेक (सध्या डुलुथ)

सरावाला जमेल. एका कॅनची उचल पाच किलो, म्हणून पात्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक लावा. झाकणं घट्ट, आणि दोरी नाही, रबरी पट्टा. ओली दोरी पात्यावरून घसरते.

कुपवाडचा_ॲम्पिअर

तेलाचे नकोत, हात बुळबुळतील. डिस्टिल्ड वॉटरचे रिकामे कॅन माझ्या दुकानामागे ढिगाने पडलेत, हवे तेवढे न्या. ट्यूब कापून पट्टेही करून ठेवतो. रविवार सोडून कुठलाही वार सांगा, रविवारी इन्व्हर्टरवाल्यांची गर्दी असते.